फुकटात मुंबई? आधी घड्याळ बघा

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मुंबईत खिशाला हात न लावता काय बघता येतं याबद्दल तुमचे प्रश्न पाठवा. इतकी पत्रं आणि मेल आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि थोडे छाटलेत. एक सांगून टाकते, बहुतेकांनी "कुठे जाऊ" असं विचारलंय, पण फुकटच्या जागांचं खरं गणित "केव्हा जाऊ" यात असतं. तिकीट नसलं की वेळ सांगायला खिडकीवर कुणी बसलेलं नसतं ना, ती आपणच माहीत करून घ्यायची.

प्रश्न : ताई, मे महिन्यात लातूरहून नणंद, तिचे मिस्टर आणि तीन मुलं येणार आहेत, शिवाय आमची दोन. नऊ माणसांचं तिकीट काढायचं म्हटलं तर राणीच्या बागेतच पाकीट रिकामं होतं. एक अख्खा दिवस, फक्त लोकलचा खर्च, बाकी शून्य, असा प्लॅन होईल का? (एक वाचक, डोंबिवली)

होईल, आरामात होईल. रविवारी सकाळी निघा, पण लवकर, कारण दहा-अकरानंतर मेगाब्लॉक लागला तर नऊ माणसं आणि पोरं घेऊन प्लॅटफॉर्मवर तिष्ठत बसाल. आठ-साडेआठला सीएसएमटीला उतरलात तर फोर्ट भाग अगदी मोकळा मिळतो, गाड्या नाहीत, ऑफिसं बंद, मुलांचा हात सोडता येतो. इतर दिवशी हे विसरा.

उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. स्टेशनच बघायचंय आधी! १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि आपण रोज तिच्या पोटातून धावत जातो. लोकलचं तिकीट काढतो त्या जुन्या हॉलमध्ये थांबून वर बघा, छतावर चांदण्या आहेत. मग रस्ता ओलांडून पालिकेच्या इमारतीच्या बाजूला जा आणि तिथून मुलांना कामाला लावा, दगडात कोरलेले प्राणी कोण जास्त शोधतो ते. मोर सापडतील, माकडं सापडतील, पाणी टाकायच्या पन्हाळींना चिकटलेले चित्रविचित्र प्राणी सापडतील, आणि गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह नि एकीकडे वाघ, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. यातलं बरंचसं कोरीवकाम जेजे स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या मोठ्या माणसांचे मुखवटे आहेत, त्यात आपले नाना शंकरशेठ आहेत, ते शोधून दाखवणाऱ्याला कुल्फी कबूल करा (हा एक खर्च झाला, सॉरी).

तिथून डी. एन. रोडच्या कमानींखालून सावलीत चालत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, आणि त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. लातूरच्या मुलांना मुंबई आपल्याकडे कशी आली ते इथे उभं राहून सांगा, पुस्तकात वाचण्यापेक्षा जास्त लक्षात राहील. पुढे हॉर्निमन सर्कलला सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ चं. याच चर्चकडे जाणारं किल्ल्याचं दार म्हणजे चर्चगेट, आणि जुन्या काळी मुंबईतले मैल याच चर्चपासून मोजायचे, ते मैलाचे दगड अजून काही रस्त्यांवर उभे आहेत. रविवारी प्रार्थना चालू असेल तर थोडं थांबून मग आत जा. समोर एशियाटिक लायब्ररीच्या पांढऱ्या पायऱ्या, तिथे बसून डबा खा, कुणी उठवत नाही, फक्त पोळीभाजीचे कागद मागे ठेवू नका.

अकरा वाजले की काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते, प्रवेश मोफत, आत बऱ्यापैकी थंड, मे महिन्यात हेच पुरेसं आहे. शेजारी बिनस्वाराचा काळा घोडा, २०१७ चा. मूळ पुतळ्यावर एडवर्ड राजा बसला होता तो आता तुमच्या त्या राणीच्या बागेत आहे. मग गेटवे, १९२४ साली बांधून झालेला. तिथे सुरक्षा तपासणीची रांग असते, आणि एक काम करा, फोटोवाल्याला पहिल्याच फटक्यात नाही म्हणा, नाहीतर नऊ माणसांचे नऊ फोटो आणि फुकटचा दिवस गेला कामातून. परत निघायला पाच वाजू द्या, तोवर ब्लॉक संपलेला असतो.

प्रश्न : मी परभणीचा, दादरला पीजीत राहतो, क्लास संध्याकाळी सहाला सुटतो. रूमवर चार जण आहेत त्यामुळे तिथे जायची इच्छा होत नाही. मॉलमध्ये किती फिरणार? डोक्याला काही खाद्य मिळेल असं फुकट काही आहे का? (एक विद्यार्थी)

अरे दादरला राहतोस आणि हे विचारतोस! शिवाजी पार्कचा कट्टा आहे, चालत जा, तिथे बसून नुसत्या गप्पा ऐकल्यास तरी महिन्याभरात क्रिकेट, राजकारण आणि नाटक या तिन्ही विषयांत तुला मत असेल. त्याच्या टोकाला चैत्यभूमी. हे रोजचं झालं.

व्याख्यानं ऐकायची सवय लाव. अमर हिंद मंडळाची वसंत व्याख्यानमाला दादरलाच होते, उन्हाळ्यात, मोकळ्या हवेत, आणि तिथे येणारे आजी-आजोबा वक्त्याला जे प्रश्न विचारतात ते ऐकण्यासारखे असतात. दादर-माटुंगा कल्चरल सेंटरला गाण्याच्या मैफिली होतात, बऱ्याचदा प्रवेश खुला असतो, दारावरचा बोर्ड जाता-येता वाचत जा. निमंत्रणपत्रिकेत "सर्वांना प्रवेश" असं छापलेलं असलं की ते खरंच सर्वांना असतं, आपल्याकडची मुलं उगाच बिचकतात की कुणी विचारेल तुम्ही कोण म्हणून. कोणी विचारत नाही. मागे बसायचं, फोन सायलेंट करायचा, झालं.

सुट्टीच्या दिवशी गावदेवीला मणिभवनला जा. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथे उतरायचे. प्रवेश मोफत. खाली लायब्ररी आहे, वर त्यांची खोली जशीच्या तशी, चरखे, बसकं, आणि छोट्या छोट्या बाहुल्यांनी त्यांच्या आयुष्यातले प्रसंग उभे केलेत काचेमागे, ते एकेक बघत जा. गच्चीपर्यंत जाता आलं तर जरूर जा, ४ जानेवारी १९३२ ला पहाटे पोलिसांनी त्यांना अटक केली ती याच गच्चीवरून, तिथे तंबूत झोपायचे ते. मला तरी मोठमोठ्या स्मारकांपेक्षा ही गल्लीतली दोन मजली जागा जास्त भिडते. पण लक्षात ठेव, हे सगळं संध्याकाळी सहाच्या आत, क्लास सुटल्यावर धावत गेलास तर दार बंद मिळेल. वरळीच्या नेहरू सेंटरमधलं "डिस्कव्हरी ऑफ इंडिया" प्रदर्शनही मोफत आहे, १४ दालनं आहेत, स्पर्धा परीक्षा देत असशील तर इतिहासाची उजळणीच होऊन जाईल. तारांगणाला मात्र तिकीट आहे.

आणि जहांगीरला एकटा जा. प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात आणि चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो, त्याला विचार हे असं का काढलंय, बहुतेक जण खूश होऊन सांगतात. बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काळा घोडा फेस्टिव्हल, १९९९ पासून चालू आहे, नऊ दिवस, सगळं फुकट, पण शनिवार-रविवार जायचं धाडस करू नकोस, मंगळवार-बुधवार गाठ.

प्रश्न : आम्ही दोघंही रिटायर्ड, मुलुंडला असतो, गुडघे कुरकुरतात. फ्लेमिंगो बघायला शिवडीला गेलो तर लांबवर गुलाबी रेघ दिसली फक्त, पैसे नाही गेले पण दिवस गेला. पुन्हा जावं का? (काका-काकू, मुलुंड)

जा, पण पंचांग बघून जा. थट्टा नाही करत. तुमच्या हॉलमध्ये कालनिर्णय लटकत असेलच ना, त्यात तिथी बघा, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे निघण्याआधी मोबाईलवर पक्की वेळ बघून घ्या, पण कुठला दिवस निवडायचा ते तिथीवरून घरबसल्या कळतं. आमच्या ओळखीतल्या कोळीणबाई हे बोटांवर करतात.

आता पक्ष्यांचं कसं असतं, पूर्ण ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि पक्षी खायला तिथे आत निघून जातात, ती तुमची गुलाबी रेघ. पूर्ण भरतीला उभं राहायला जागाच नसते म्हणून उडून जातात. मधल्या वेळी, पाणी चढत असताना, ते पाण्यापुढे सरकत सरकत धक्क्याकडे येतात. म्हणजे तुम्ही अष्टमी ते दशमी यांतला दिवस धरा आणि दुपारी साडेतीन-चारला पोचा. दुपारच का, तर शिवडीचा चिखल पूर्वेकडे आहे, सकाळी ऊन डोळ्यात येतं आणि पक्षी नुसते काळे दिसतात, दुपारी सूर्य पाठीमागे असतो, रंग खरा दिसतो.

जवळ आले की गर्दीकडे नका बघू, एकच पक्षी धरा. मान खाली, डोकं चक्क उलटं करून चोच चिखलात, आणि पाय जागच्या जागी तुडवत असतो, चिखल ढवळून वर येईल ते गाळून खायला. ज्याची चोच गडद, जवळपास काळपट लाल दिसते तो छोटा रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो), आणि ज्याची गुलाबी असून फक्त टोकाला काळी तो मोठा. करड्या रंगाचे दिसतील ती पिल्लं, रंग नंतर चढतो, खाण्यातूनच येतो तो. साधारण डिसेंबर ते मे हा त्यांचा मुक्काम.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी. हार्बरच्या शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरा, तिथून धक्का चालत जायला बराच आहे आणि रस्ता ट्रकचा आहे, धुळीचा आहे, रिक्षा या भागात नाहीत, तेव्हा स्टेशनपासून टॅक्सी करा, तेवढा खर्च करा हो. आणि घडीची छोटी स्टुलं न्या, बसायला काही नाही. पोचायला उशीर झाला आणि भरती पूर्ण आली तर हिरमुसू नका, मागे टेकाडावर शिवडीचा किल्ला आहे, १६८० चा, फुकट, पण पायऱ्या आहेत, काकूंना विचारून ठरवा. नवी मुंबईत सीवूड्सच्या बाजूला जी तळी आहेत तिथे याच्या बरोब्बर उलटं, इकडे भरती आली की पक्षी तिकडे आराम करायला जातात.

प्रश्न : तुम्ही लोक "मुंबईत फुकट बघा" म्हणून काय वाट्टेल ते लिहिता. कान्हेरी लिहिलेलं असतं, घारापुरी लिहिलेलं असतं. गेल्यावर गेटवर तिकीट, आत तिकीट, पार्किंगला तिकीट. जरा खरं सांगाल का? (वैतागलेला वाचक, ठाणे)

बरोबर आहे तुमचं. कान्हेरी नॅशनल पार्कच्या आत, म्हणजे आधी पार्कचं तिकीट, मग लेण्यांचं वेगळं. घारापुरीला लाँचचेच पैसे सणसणीत होतात, वर लेण्यांचं तिकीट. राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, सायन्स सेंटर, मलबार हिलचा झाडांमधला नवा लाकडी पूल, यातलं काहीच फुकट नाही. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, आणि १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, खातं बरेचदा सगळ्यांनाच माफ करतं, तो दिवस साधायचा. पण कान्हेरीला त्या दिवशीही पार्कचं तिकीट आहेच हं, परत मला पत्र नको.

लेणीच बघायचीत ना, मग जोगेश्वरी. सहाव्या शतकातली, प्रचंड, चहूबाजूंनी वस्ती चढलेली, आणि तुम्ही पायऱ्या उतरून खाली शिरलात की वरचा आवाज एकदम तुटतो. आत जोगेश्वरी देवीची पूजा आजही चालू आहे, म्हणजे हे स्मारक नाही, चालतं देऊळ आहे. किंवा बोरिवलीचं मंडपेश्वर, तिथे तर इतिहासाचा नुसता काला आहे, आत शिवाची लेणी, पोर्तुगीजांनी त्यातच चॅपल केलं, डोक्यावर चर्चचे पडके अवशेष, आणि एका भिंतीवर मूळ शिल्प तासून कोरलेला क्रॉस. कान्हेरीला मिळणार नाही असं काहीतरी. दोन्हीकडे तिकीट नाही. उजेड असतानाच जा.

प्रश्न : आम्ही दोघं, पंचविशीतले, लग्न ठरलंय पण व्हायचंय. प्रत्येक वेळी भेटायचं म्हणजे कॅफे आणि कॅफे म्हणजे सातशे रुपये. मरीन ड्राइव्ह आणि बँडस्टँड सोडून सांगा. (नाव नको प्लीज)

अभिनंदन! पैसे वाचवा, हॉलवाला पुढे सगळे घेणारच आहे.

बाणगंगा. वाळकेश्वरला बसने उतरायचं आणि गल्लीतून खाली जायचं, चौकोनी तलाव, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, शिलाहारांच्या काळातला, ११२७ चा सांगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी मात्र गोडं, रामाने बाण मारून काढलं म्हणून बाणगंगा. भोवती देवळं, जुनी घरं, वाळत घातलेले कपडे, बदकं, आणि त्यामागे उंच टॉवर. शांत बसता येतं, पण भान ठेवून, लोक तिथे धार्मिक विधी करतात. पितृपक्षात, खासकरून सर्वपित्रीला, अजिबात जाऊ नका, गर्दीही असते आणि तुमचा विषय आणि त्यांचा विषय जुळत नाही.

दुसरं वरळीचा किल्ला. वरळी कोळीवाड्यातून जायचं, रस्ता विचारत विचारत, सुकत घातलेल्या जाळ्यांच्या बाजूने. किल्ला लहानसाच, इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास बांधलेला, आत व्यायामशाळा आणि देऊळ, वरून सी लिंक पूर्ण दिसतो. संध्याकाळी साडेपाच ठीक. कोस्टल रोडच्या कडेने समुद्रालगत चालायला जागा केलीय तीही बघा, रात्री बरी असते, दिवसा सावलीचा पत्ता नाही.

आणि पौर्णिमा किंवा अमावस्या वीकेंडला आली तर गिरगाव किंवा हाजी अलीच्या बाजूला खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जा. वर काकांना हिशोब दिलाय त्यानेच, त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या पुढेमागे, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला, आणि ती सगळ्यात खोल. खडकांतल्या डबक्यांत शंखातले खेकडे, समुद्रफुलं, नशीब असेल तर छोटा ऑक्टोपससुद्धा. "मरीन लाइफ ऑफ मुंबई" नावाचा गट आहे, ते किनारा-फेऱ्या काढतात, माहितगार माणूस सोबत असतो. बूट घाला, खडक शेवाळलेले असतात, आणि पाणी चढायला लागलं की ताबडतोब वर या.

प्रश्न : पहाटे काही? नाइट ड्युटी पाचला सुटते, घरी जायची पहिली गाडी गर्दीची नसते पण झोपही येत नाही. (एक वाचक, कुलाब्यात ड्युटी)

तुमच्या शेजारीच ससून डॉक आहे, १८७५ चा. पाच-सहाला बोटी लागतात, टोपल्या वर येतात, लिलाव सुरू, कोळणी एका नजरेत भाव ठरवतात. चपला नको, बूट हवेत, वाटेत उभं राहू नका, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा जाऊन उपयोग नाही. त्या दिवसांत दादरला उतरून फुलबाजार बघा, स्टेशनच्या पश्चिमेलाच, दसऱ्याच्या आदल्या पहाटे तर झेंडूचे डोंगर असतात. पावसाळ्याच्या रविवारी आझाद मैदानावर क्रिकेटची कांगा लीग, १९४८ पासून भर पावसात खेळतात, २२ खेळपट्ट्या एकाच मैदानात, एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या स्लिपजवळ उभा, कोण कोणाकडून खेळतंय हे कळायलाच पहिला तास जातो.

प्रश्न : सगळं फुकट ठीक आहे, बाथरूमचं काय? (तीन मैत्रिणी, विरार)

हा प्रश्न पुरुष वाचकांपैकी एकानेही विचारला नाही, नोंद घ्या. फोर्टात असाल तर जहांगीरमध्ये सोय आहे. सीएसएमटी, चर्चगेट, दादर इथे स्टेशनवर आहे, सकाळी लवकर गेलात तर बरं, दुपारनंतर राम भरोसे. शिवडी धक्का, वरळीचा किल्ला, जोगेश्वरीची लेणी या तिन्हीकडे सोय नाही असंच धरून चाला आणि स्टेशनवरून निघतानाच उरकून घ्या. सुटे पैसे आणि पेपर सोपची डबी पर्समध्ये हवीच. पाण्याची बाटली घरून भरून न्या, जुन्या दगडी पाणपोया शहरात सुंदर आहेत, पण त्या बघायला, प्यायला नाही.